बोटीतलं पाणी

तलावाच्या धक्क्यावर आलेली प्रत्येक बोट पाण्यात सोडण्याआधी तपासायची, हे माझं काम. दुसऱ्या तलावातलं शेवाळ, शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं बोटीबरोबर इथे शिरली, की हातपाय पसरतात आणि इथल्या माशांच्या मुळावर उठतात. हे सांगून सांगून माझा घसा बसतो आणि लोक घड्याळाकडे बघत माना डोलावतात.

आज रांगेत बाबा होते. आई गेल्यावर ते गावचं घर आवरून आजच माझ्याकडे राहायला आले होते. गाडीमागच्या ट्रेलरवर त्यांची छोटी बोट होती आणि बोटीत घोटाभर पाणी. मी उखडलेच.

"बाबा, बोट बाहेर काढली की आधी तळाचं बूच काढून पाणी सोडायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. आता विसरायला लागलात?"

"विसरलो नाही," ते हळूच म्हणाले. "तुझी आई संध्याकाळी गावच्या तलावात पाय सोडून बसायची ना, तिथलं पाणी आहे. म्हटलं, थोडं बरोबर नेऊ."

पुढचं भाषण मी गिळलं. पण पाणी काही तलावात सोडता येत नव्हतं. मी बुचाखाली बादली धरली आणि सगळं पाणी तलावापासून लांब, चौकीमागच्या लिंबाच्या झाडाला घातलं. ते जिरेपर्यंत बाबा तिथेच उभे होते.

मग त्यांनी माझ्या हातातली बादली घेतली, आतून पुसली आणि उन्हात पालथी घातली.

"हीसुद्धा कोरडी व्हायला हवी," ते म्हणाले. "इथे तू पाय सोडून बसत असशील."