मागून येणारा ट्रक

लोरिन्डाने ट्रकचा वेग आणखी कमी केला आणि खिडकीची काच खाली घेतली. पुढे दिव्यांच्या उजेडात शाळेच्या धावण्याच्या संघातल्या मुली लाल धूळ उडवत धावत होत्या. वेणीला पिवळी दोरी बांधलेली ती तिची लेक शांडीन. मेंढवाड्याजवळची कुत्री धावणाऱ्यांच्या अंगावर येतात, म्हणून रोज पहाटे कुणाची तरी आई मागून गाडी आणायची. आजची पाळी लोरिन्डाने मुद्दाम मागून घेतली होती.

पवनचक्कीपाशी कोच बेनाली पाणी घेऊन थांबलेले असत. मुली पोचायच्या आत त्यांना गाठायचं आणि सांगायचं, शांडीनला संघातून काढा. पोरगी जीवशास्त्रात अगदी काठावर होती. शुक्रवारी शाळा गुण तपासते. एका विषयात जरी घसरली तरी शर्यतीला बंदी. मग तोवर वाट तरी कशाला पाहायची? हीच पोर कडेवर घेऊन लोरिन्डाने कॉलेज पुरं केलं होतं. शिकायचं तर काय काय सोडावं लागतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मुलींचं बोलणं वाऱ्याबरोबर आत आलं.

"रेना, फुप्फुसाकडे रक्त हृदयाच्या कुठल्या बाजूनं जातं?" शांडीनने विचारलं.

"उजव्या... थांब ना जरा, दम लागलाय."

"मग हळू धाव. कोच काय म्हणतात? बोलता येत नसेल तर तू उगाच जोर करतेयस." शांडीन हसली.

"ए शांडीन, तू कशाला हसतेस? काल वर्गात मेंढीच्या हृदयाला मूत्रपिंड कोण म्हणालं? आजीला कळलं तर जेवायला नाही घालणार तुला!" रेना म्हणाली.

"कळलंय तिला. म्हणाली, इतक्या मेंढ्या कापल्या आपण, तेव्हा तू काय ढग बघत होतीस?"

मुली धावता धावता खिदळल्या. मग रेनाने विचारलं, "बरं, आता तू सांग. हृदयात झडपा कशाला असतात?"

नुसती पावलं वाजत राहिली. उत्तर सांगायला लोरिन्डाचे ओठ विलगले. तिने ते घट्ट मिटून घेतले.

"रक्त मागे फिरू नये म्हणून," शांडीन म्हणाली. मान खाली घालून तिने चढ धरला आणि सगळ्यांच्या पुढे गेली.

चढावर रस्ता रुंद झाला. पवनचक्की दिसू लागली. मुलींच्या पुढे निघायला लोरिन्डाने ट्रक डावीकडे घेतला, ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. शांडीनची पाठ खिडकीच्या अगदी जवळ आली.

ती वयात आली तेव्हाही, रिवाजाप्रमाणे, अशीच पहाटे पूर्वेकडे धावली होती. मागून मावश्या, भाचरं, लोरिन्डा. मध्येच पोरगी दमली, रडकुंडीला आली, चालल्यासारखी धावू लागली. तेव्हा मागचे सगळे तिच्याहून हळू झाले. त्या धावण्यात मुलीच्या पुढे कुणी जायचं नसतं.

लोरिन्डाने पाय उचलला. ट्रक पुन्हा मुलींच्या मागे आला.

ती पोचली तेव्हा मुली पाणी पीत होत्या. कोच खिडकीपाशी आले.

"लोरिन्डा, काहीतरी बोलायचंय असा निरोप होता तुझा."

तिने त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. शांडीन गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती आणि धापा टाकत रेनाला पुढचा प्रश्न विचारत होती.

"उद्या गाडी कोण आणतंय, कोच?"

"अजून कुणी नाही."

"मी येते," लोरिन्डा म्हणाली.