मी, बापूंचा औषधी टॉवेल

मी टॉवेल बोलतोय. नुसता टॉवेल नव्हे, डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरलेला टॉवेल. बडोद्यात टॉवेल पुष्कळ असतील, पण साबण लावला तर गुण निघून जाईल म्हणून ज्याला नुसतं पाण्यातून काढत, असा मी एकटाच.

माझा जन्म सोलापूरचा. मागावरून उतरलो तेव्हा अंगावर निळे पट्टे होते आणि डोक्यात हवा होती. एखाद्या मोठ्या हॉटेलात जाईन असं वाटलं होतं. गेलो बापूंच्या भाच्याच्या लग्नात, आहेरात. टॉवेल, टोपी आणि नारळ. नारळाची बर्फी झाली. टोपी बापूंनी पुढच्याच लग्नात दुसऱ्या कुणाला तरी घातली. मीही त्याच वाटेने जायचो, पण एका सकाळी बापू टॉवेल न घेताच आंघोळीला गेले. बाथरूमच्या दारातून ओला हात बाहेर आला आणि त्यांच्या पत्नी विमलताईंनी हाताला लागलं ते त्या हातात दिलं. तो मी. तेव्हापासून मी त्या घरचाच.

बापू रिफायनरीतून निवृत्त झालेले. सुभानपुऱ्यात फ्लॅट, घरात दोघंच. लेक मैथिली लग्न होऊन पुण्याला. दोन माणसांना एक टॉवेल पुरतो, असं बापूंचं ठाम मत. आधी ते अंग पुसत, मग विमलताई, आणि मग मला तसाच ओला घडी घालून दारामागच्या खुंटीवर टाकत. माणसाला स्वतः कोरडं व्हायची केवढी घाई असते, आणि ज्याने कोरडं केलं त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

अशी वर्षं गेली. माझे पट्टे विटले, मधोमध एक भोक पडलं, त्यातून बापूंचं नाक बाहेर यायचं. विमलताई म्हणायला लागल्या, "अहो, ह्याचं आता पोतेरं करते." मी खुंटीवर लटकल्या लटकल्या गारठलो.

मला वाचवलं ते बापूंच्या कमरेवरच्या नायट्याने.

गोल, लाल, खाजरा नायटा. मलम लावलं की जायचा, खाज थांबली की बापू मलम बंद करायचे, आणि हा पाहुण्यासारखा बॅग घेऊन परत हजर. शेवटी बापू गल्लीच्या टोकाला दवाखाना असलेल्या डॉक्टर निरुपमाबेनकडे गेले. स्कूटरवर वारा लागतो म्हणून बापूंच्या कानात कापूस, आणि खोकल्याची साथ म्हणून निरुपमाबेनच्या तोंडावर मास्क. त्यांनी गुजरातीत सगळं समजावलं. वेळेवर झोपा, नीट जेवा, साखर तपासून घ्या, म्हणजे शरीराची ताकद टिकेल. औषध मधेच सोडू नका. आणि टुवाल... पुढचा शब्द मास्कमधून निघाला आणि कापसात शिरला.

बापू घरी आले ते घोषणा करतच. "विमल, टॉवेल टाकायचा नाही. बेननी सांगितलंय, टुवाल जूनो राखजो."

"जुना कशाला?" विमलताईंनी विचारलं.

"प्रतिकारशक्ती." बापू माझ्यावरून हात फिरवत म्हणाले. "लसीत काय असतं? थोडा रोगच असतो ना? तोच ह्या टॉवेलात मुरलाय. रोज थोडा थोडा अंगाला लागला की शरीर आपोआप तयार होतं."

"मुरायला तो काय लोणचं आहे?"

"तुला नाही कळायचं. डॉक्टर वेड्या आहेत का?"

खरं सांगतो, त्या दिवशी माझी छाती फुगली. पोतेऱ्याचा एकदम वैद्य झालो. दांडिया बाजारातून गुळवेल आली, तिचा काढा सकाळ-संध्याकाळ उकळू लागला, आवळे आले, हळदीचं दूध आलं. पण ही सगळी माझ्या हाताखालची मंडळी. मुख्य उपाय मी. बापू मला कमरेभोवती गुंडाळून गॅलरीत पेपर वाचत बसायचे, गुण जास्त यावा म्हणून.

गुण असा आला की नायटा कमरेवरून पाठीवर गेला, आणि विमलताईंच्या कोपरावर त्याचं धाकटं भावंड उगवलं. बापू म्हणाले, शरीर लढतंय, त्याची ही खूण.

एवढ्यात मैथिली बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बापू दवाखान्यातून नाचतच आले, पण मैथिलीने घरात पाऊल ठेवलं तेच अट घालून. "बापू, नायटा जाईपर्यंत बाळाला हात लावायचा नाही. आई, कोपर बरं होईपर्यंत तूसुद्धा नाही."

"बराबर आहे," विमलताई म्हणाल्या आणि तेव्हापासून मुकाट्याने मलम लावायला लागल्या. मला त्यांनी त्याच दिवशी सोडलं, साडीच्या जुन्या तुकड्याने अंग पुसायला लागल्या. महिना झाला तशी त्यांची कातडी स्वच्छ झाली. मी म्हटलं, योगायोग.

मग बारसं झालं. नाव ठेवलं देवश्री. शेजारच्या बायका आल्या, पाळणा झाला, प्रत्येकीने बाळाला घेतलं, अगदी खालच्या मजल्यावरच्या, जिच्याशी पार्किंगवरून अबोला होता, तिनेसुद्धा. बापू भिंतीला टेकून उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून. कुणीतरी म्हणालं, आजोबा, घ्या की. बापू म्हणाले, "घेतो, घेतो, आधी तुम्ही पेढे घ्या." मग आत आले, मला तोंडावर धरलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. त्या दिवशी मी पुसलं ते आंघोळीचं पाणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी बापूंनी मला पिशवीत घातलं आणि थेट दवाखाना गाठला. रागात होते, म्हणून कापूस विसरले.

"बेन, तमे कह्युं तेम बधुं कर्युं," सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं, असं म्हणून त्यांनी मला टेबलावर पसरलं. "जुओ, टुवाल केटलो जूनो राख्यो छे."

निरुपमाबेन खुर्चीसकट मागे सरकल्या. मी ऐटीत पडून होतो. आता कौतुक होणार, असं मला वाटत होतं.

"आ शुं छे, काका?"

"टुवाल. जूनो."

निरुपमाबेननी मास्क खाली ओढला. "में जुदो कह्युं हतुं. जुदो. तमारो अलग, काकीनो अलग."

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या भोकाकडे पाहिलं. मग निरुपमाबेननी सावकाश सांगितलं. काढा प्या, आवळे खा, काही वाईट नाही. साखर ठीक आहे, झोपही चांगली आहे, शरीर बिचारं लढतंय. पण तुम्ही रोज सकाळी ह्या ओल्या टॉवेलातून शत्रूला पुन्हा आत घेताय, तर ते किती लढणार? पुन्हा औषध दिलं आणि ते पुरतं संपवायला बजावलं.

बापूंनी मला परत पिशवीत कोंबलं. घरी आल्यावर म्हणाले, "विमल, चार पिढ्या बडोद्यात काढल्या आणि एका अक्षराने मला नातीला शिवू दिलं नाही."

त्यात माझी काय चूक? मला कुणी विचारलं होतं का? पण टॉवेलाचं कोण ऐकतं. मला कढत पाण्यात उकळलं, कडक उन्हात टाकलं, आणि गॅलरीच्या कोपऱ्यात पोतेरं म्हणून माझी नेमणूक झाली. खुंटीवर आता तीन कोरे टॉवेल आले, प्रत्येकाचा रंग वेगळा. फार शिष्ट आहेत. माझ्याशी बोलत नाहीत.

बापूंनी ह्या खेपेला औषध शेवटच्या गोळीपर्यंत घेतलं. पाठ कोरी झाली. निरुपमाबेननी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "हवे रमाडो." म्हणजे, आता नातीला खुशाल खेळवा.

बापूंना लिफ्टची वाट पाहवेना, जिन्यानेच धापा टाकत वर आले. हात धुतले, पुन्हा धुतले, नवा झब्बा घातला आणि जमिनीवर मांडी घालून बसले. मैथिलीने देवश्रीला त्यांच्या हातांवर ठेवलं. ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती, आणि बघता बघता तिने शू केली. झब्बा, मांडी, फरशी, सगळं ओलं.

"द्या इकडे तिला," विमलताई म्हणाल्या. "तुम्ही आधी कपडे बदला."

"राहू दे गं," बापू म्हणाले. "आत्ता तर आलीय."

मग विमलताईंनी मला आणलं आणि मी फरशीवरचा तो ओघळ टिपून घेतला. मंडळी, आता मला पुन्हा उकळा, उन्हात टाका, फाडून चार तुकडे करा, माझी काही तक्रार नाही. फक्त बापूंच्या हातातून तिला इतक्यात कुणी घेऊ नका.