कोच हॅल्वर्सन यांची मूठ

कोच हॅल्वर्सननी मूठ वर केली की खेळ संथ करायचा, हे आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघातल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात कळायचं. चेंडू हाती आल्यापासून तीस सेकंदांत तो बास्केटकडे टाकावाच लागतो. आम्ही शेवटची चार-पाच सेकंदं उरेपर्यंत तो नुसता फिरवत राहायचो. आयोवातल्या त्या गावाला याचा भयंकर कंटाळा. "अरे, आमचा मका याहून लवकर वाढतो!" असं वरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडायचंच.

मी त्यांचा सहाय्यक. ओरडणाऱ्यांचा मला संताप यायचा. आमची पोरं बुटकी, दमाला कमी. चेंडू जितक्या कमी वेळा मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाईल, तितकी तगड्या संघाला हरवायची आशा जास्त. शिवाय केंड्रिकचा गुडघा होता. चेंडू पुढे नेणारा तोच, आणि त्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झालेली. कोचनी हे बाहेर कुणाला सांगितलं नाही, लोकांची बोलणी मुकाट खाल्ली.

अंतिम सामन्यात सहा मिनिटं उरली तेव्हा आम्ही नऊ गुणांनी मागे होतो. कोचनी खेळ थांबवून पोरांना जवळ बोलावलं.

"कोच, असं रेंगाळलो तर पहाटेपर्यंत नऊ गुण भरून निघायचे नाहीत," केंड्रिक म्हणाला. "पळू द्या ना."

"आणि गुडघा?"

"शेवटचं वर्ष आहे माझं. त्या गुडघ्याचं काय लोणचं घालायचंय?"

कोचनी मुठीचा तो उजवा हात खिशात घातला, आणि केंड्रिक सुटला. काय पळाला पोरगा! मका मका म्हणणारे बाकांवर उभे राहिले. चाळीस सेकंदं उरली तेव्हा बरोबरी झाली होती आणि चेंडू आमच्याकडे होता.

आता थांबायचं, आपली तीस सेकंदं संपता संपता फेकायचं, म्हणजे समोरच्यांना जेमतेम दहा सेकंदं उरतात. कोचनी मूठ वर केली. दर वेळी चेंडू आणताना कोचच्या बाकाकडे एक नजर टाकायची, ही केंड्रिकची चार वर्षांची सवय. या वेळी त्यानं पाहिलंच नाही. समोर वाट मोकळी दिसली, तो घुसला, उडाला, दोन गुण झाले. खाली आला तो त्याच पायावर, आणि उठला नाही.

त्याला उचलून बाकावर आणलं. घड्याळात अजून अर्धं मिनिट होतं. वर्षभर वाऱ्यासारखी पळणारी समोरची पोरं आता आमच्यासारखी थांबली. शेवटपर्यंत चेंडू फिरवला आणि लांबून तीन गुणांचा फेकला. आम्ही एका गुणानं हरलो.

केंड्रिक गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून रडत होता.

"कोच, मूठ वर होती का? मी बघितलंच नाही."

"नव्हती."

"खरं सांगा."

"नव्हती म्हणतोय ना, बाबा. मीच पळायला सांगितलं होतं. चूक माझी."

त्यांनी त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवला. उजवा पाठीमागे होता. मी त्यांच्या मागेच उभा होतो. मूठ अजून उघडली नव्हती.