दिवसभर चालू असलेला फोन

"लग्न तुम्ही दोघांनी केलंत, आणि सासुरवास मात्र आम्हाला," काउंटरसमोरचा टॅक्सीवाला म्हणाला आणि रांगेतली माणसं हसली.

पिनवालेही हसले. दुसरं करण्यासारखं होतं काय? जुनी फोन कंपनी मोठ्या कंपनीत विलीन झाली होती. दुकानावरची पाटी बदलली होती, भिंतीवरचा हिरवा रंग अर्धा खरवडून झाला होता, अर्धा तसाच होता. पिनवाल्यांची खुर्ची तीच होती. शर्ट तेवढा नवा मिळाला होता आणि तो काखेत काचत होता.

पिनवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. सिम काढायची बारीक पिन कायम शर्टाच्या खिशाला अडकवलेली, म्हणून गिऱ्हाइकांनीच हे नाव पाडलं होतं. घरी बायकोसुद्धा चिडली की याच नावाने हाक मारायची.

जुन्या कंपनीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना नव्या प्लॅनवर घ्यायचं काम चाललं होतं. गिऱ्हाईक म्हटलं की तोंड आलंच. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बजावलं, "मला जास्तीचं इंटरनेट नकोय. न मागितलेलं वाढता आणि मागितलेलं ताटातून काढून घेता, ही कुठली रीत?" निवृत्त मास्तर म्हणाले, "तुम्ही नावं काय वाट्टेल ती ठेवा हो, माझ्या माडीवर रेंज येऊ द्या म्हणजे झालं." त्यांच्या मागचा एक जण म्हणाला, "आधी भांडण झालं की दुसरीकडे तरी जाता यायचं. आता दुसरी कंपनी कुठे राहिलीय?" यावर कुणी हसलं नाही, कारण ते खरंच होतं.

सकाळी दुकान उघडायच्या आधी साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं. साहेब वयाने पिनवाल्यांच्या मुलाएवढे, पण बोलणं तोलूनमापून. "एकच वाक्य बोलायचं. काही बदलत नाही, उलट फायदाच आहे. जुना प्लॅन वर्षभर ठेवता येतो, पण त्यांनी विचारलं तर सांगायचं, आपणहून नाही. आणि त्या तासाच्या अटीचा तर विषयच काढू नका."

तासाची अट अशी होती की नव्या प्लॅनमध्ये एक फोन तासाभरापेक्षा जास्त चालला, की आपोआप बंद व्हायचा. पुन्हा लावला की लागायचा. साहेब म्हणाले, "एवढा वेळ बोलतं कोण?"

कोण बोलतं ते पिनवाल्यांना चांगलं ठाऊक होतं. दुपारी ती व्यक्ती पिशवी सावरत रांगेत येऊन उभी राहिलीच.

दुकानात त्यांना सगळे 'चोवीस तास मावशी' म्हणायचे. अर्थात पाठीमागे. मावशी एकट्या राहायच्या. त्यांची थोरली बहीण, ताई, दुसऱ्या गावी अशीच एकटी. जुन्या कंपनीचा एक जोडी प्लॅन होता. दोन नंबर घ्यायचे आणि आपसात हवं तितकं बोलायचं. मावशींनी दोन्ही नंबर स्वतःच्या नावावर घेतले आणि एक बटणांचा फोन ताईंना नेऊन दिला. सकाळी चहा झाला की ताई फोन लावायच्या आणि रात्री अंथरुणावर पडताना ठेवायच्या. दिवसभर फोन चालूच. मावशींचा फोन स्वयंपाकघरात खिळ्याला, कापडी पिशवीत, चार्जरची वायर लावून टांगलेला असायचा. स्पीकरचं बटण कुठलं, ते त्यांना पिनवाल्यांनीच शिकवलं होतं.

"एवढं बोलता तरी काय?" तेव्हा त्यांनी विचारलं होतं.

"बोलतो कुठे?" मावशी म्हणाल्या होत्या. "तिचा नळ वाहतो ते ऐकू येतं. भांडी घासते ते येतं. खोकली की मी म्हणते, ताई, गरम पाणी घे. ती म्हणते, तू तुझं बघ. झालं. घरात माणूस असलं की आपण काय सारखं बोलतो का?"

पिनवाल्यांना हे फार आवडलं होतं. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलंही होतं. ती म्हणाली होती, तुम्ही समोर असून तेवढंसुद्धा बोलत नाही.

तर त्या दिवशी मावशी काउंटरपाशी आल्या आणि त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला. "पिनवाले, आमचा फोन दिवसभर चालतो ना, ते तसंच राहील ना हो?"

आता यात न समजण्यासारखं काय होतं? एवढा सरळ प्रश्न दिवसभरात दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. जुना प्लॅन ठेवा म्हणून सांगता आलं असतं. तेही नको, तर निदान तासाने पुन्हा लावा, एवढं म्हणता आलं असतं. पण मावशी 'का' म्हणून विचारणार, मग ताईला कसं कळवू म्हणून विचारणार, मग पिशवीतून फोन काढणार, चष्मा शोधणार. मागे रांग दारापर्यंत गेली होती आणि साहेब काचेच्या खोलीतून बघत होते.

"काही बदलत नाही मावशी," पिनवाले म्हणाले. "उलट फायदाच आहे."

"तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच मिटला," मावशी म्हणाल्या आणि दाखवतील तिथे त्यांनी अंगठा टेकवला. दोन्ही नंबर दुसऱ्या दिवशी सकाळपासून नव्या प्लॅनवर जायचे होते.

संध्याकाळी निवांत झालो की फोन करून सांगून टाकू, असं पिनवाल्यांनी मनाशी ठरवलं, आणि ठरवल्यामुळे त्यांना बरंही वाटलं. संध्याकाळी ते दमून घरी गेले, जेवले आणि झोपले. विसरले. त्याला दुसरा शब्द नाही.

त्यानंतर मावशी महिनाभराने आल्या. एव्हाना भिंती पुरत्या नव्या रंगाच्या झाल्या होत्या आणि गर्दी ओसरली होती. मावशी समोरच्या खुर्चीवर बसल्या, पिशवीतून ताईंचा फोन काढून त्यांनी काउंटरवर ठेवला.

"हा नंबर बंद करायचाय," त्या म्हणाल्या. "ताई गेली."

"कधी?" पिनवाल्यांनी विचारलं.

"मागे मी इथे येऊन गेले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी पडली. न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी. डॉक्टर म्हणाले, दुपारी कधीतरी पडली असणार. शेजारीण संध्याकाळी दूध द्यायला गेली तेव्हा कळलं. चार दिवस दवाखान्यात होती, पण शुद्धीवर आलीच नाही."

दुसऱ्या दिवशी. पिनवाल्यांनी समोरचा कागद उगाचच सरळ केला.

"मला मेलीला ऐकूच आलं नाही हो," मावशी म्हणाल्या. "तिच्याकडे चमचा पडला तरी मला कळायचं. आणि माणूस पडलं तरी कळू नये? मी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. ते म्हणतात, कान चांगले आहेत. या वयाला इतके चांगले कान बघितले नाहीत, म्हणतात. मग काय समजायचं मी? रागात होते, म्हणून कान दिला नाही. दुसरं काय?"

"राग कसला?"

"अहो, भांडलो होतो ना सकाळी. तिचं नेहमीचं. घर बंद कर आणि इकडे राहायला ये. मी म्हटलं, मी माझं घर सोडून येणार नाही, सतरा वेळा सांगितलंय, पुन्हा विषय काढू नकोस. जरा जास्तच बोलले. मग ती गप्प झाली, मीही गप्प झाले. पण आमचं ठरलेलं होतं, कितीही रुसलो तरी फोन कापायचा नाही. रुसायचं ते फोन चालू ठेवून. त्यामुळे पलीकडून आवाज येईना तेव्हा मला वाटलं, बसलीय फुगून."

मावशींनी पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा लावला.

"दुपारी मग माझंच मन मला खायला लागलं. फोनपाशी स्टूल घेऊन बसले. म्हटलं, ताई, चुकलं माझं. बरं, येते मी तुझ्याकडे राहायला. पुढच्या महिन्यात येते, भांडी इथलीच आणते, तुझी सगळी पोचे आलेली आहेत. खूप बोलले. ती काही बोलली नाही. पण ऐकलं असेल ना हो? पडलेली असली तरी फोन तिथेच ओट्यावर होता. मी येते म्हटलं ते तिच्या कानावर पडलं असेल, तेवढ्यावरच दिवस काढतेय मी. फक्त तिच्या पडण्याचा आवाज मला कसा नाही आला, तेवढं मात्र डोक्यातून जात नाही. रात्र रात्र तेच चाललेलं असतं."

गप्प बसलं तर बसता येत होतं. विचारणारं कुणी नव्हतं, साहेब तर नाहीच नाही. पण ही बाई आपल्या धडधाकट कानांना दोष देत डॉक्टरांचे उंबरे झिजवतेय, आणि कारण आपल्या तोंडात आहे, हे पिनवाल्यांना सोसेना. स्वतःची लाज वाटली आणि ती लाज बाहेर काढल्याशिवाय सुटका नाही असंही वाटलं. मावशींना मोकळं करायचं होतं की स्वतःला, हे तेव्हा त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"मावशी, तुमच्या कानांचा दोष नाही," ते म्हणाले. "फोन चालूच नव्हता. नव्या प्लॅनमध्ये तासाभराने फोन आपोआप कटतो. ताईंनी सकाळी लावला असेल तो तासाभरात कटला असणार. तुम्हाला काही ऐकू येणं शक्यच नव्हतं."

मावशींनी खुर्ची पुढे ओढली.

"कटला की आवाज होतो ना?"

"बारीक होतो. नळ चालू असला, भांडं वाजलं, तर कळत नाही. पिशवीत तर नाहीच."

"पण संध्याकाळी शेजारणीने ताईच्याच फोनवरून लावला. घंटा वाजली तेव्हा मला वाटलं, तिने आधीचा चालू फोन ठेवून नवा लावला."

"नाही मावशी. तो आधीच कटलेला होता."

"तुम्हाला हे आत्ता कळलं?"

"नाही," पिनवाले म्हणाले. "त्याच दिवशी माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं. संध्याकाळी फोन करून सांगणार होतो, आणि विसरलो. तासाने पुन्हा लावा, एवढंच सांगायचं होतं. मी माफी मागायच्या लायकीचासुद्धा नाही. तुम्ही मला वाट्टेल ते बोला."

मावशी चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर पिनवाल्यांना बरं वाटलं असतं, आणि आपल्याला बरं वाटायला हवंय हे लक्षात येऊन त्यांना आणखी वाईट वाटलं. मावशींची बोटं ताईंच्या फोनच्या बटणांवरून फिरत होती. हिशेब जुळत नसला की माणूस ओठ हलवत पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं, तसे त्यांचे ओठ हलत होते.

"म्हणजे दुपारी मी बोलत होते ते..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

मावशींचा दिवस कशावर निघत होता, ते पिनवाल्यांनी नुकतंच ऐकलं होतं, आणि तरीही हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. सांगायच्या घाईत ते एवढंही बघायला थांबले नव्हते.

"येते म्हटलं ते तिला कळलंच नाही," मावशी म्हणाल्या. शेजारच्या काउंटरवर कुणीतरी नव्या प्लॅनमध्ये काय काय मिळतं ते विचारत होतं आणि तिथली मुलगी एका सुरात सांगत होती.

"आणि पिनवाले," मावशींनी मान वर केली, "आम्ही सकाळी भांडलो. मग तासाभरात फोन बंद झाला. ताई काही पिशवीत ठेवत नव्हती फोन, तो तिच्या समोर असायचा. तिला दिसलं असणार. एरवी तिने लगेच पुन्हा लावला असता. पण तिने लावला नाही."

पिनवाल्यांच्या लक्षात आलं त्या कुठे पोचल्या ते, आणि त्यांना वाटलं, पुढचं त्यांनी बोलू नये.

"तिला वाटलं असणार, मी कापला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"नाही मावशी, नाही. त्यांना असं नसेल वाटलं."

"कशावरून?" मावशींनी विचारलं.

त्यांच्या विचारण्यात राग नव्हता. या माणसाला फोनमधलं सगळं कळतं, तर हेही ठाऊक असेल, अशा भाबडेपणाने त्यांनी खरंच विचारलं होतं, आणि उत्तर येईपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या समोर बसून राहिल्या.