शंभर टक्के

आमचे हे मार्कांच्या बाबतीत पहिल्यापासून चिकट. मुलीने शाळेतून पंच्याण्णव आणले, की पाठ थोपटायच्या आधी विचारायचे, "उरलेले पाच कुठे गेले?" ती रडायची नाही. नाक फुगवून पेपर परत दप्तरात कोंबायची. आमच्या लाँड्रीतल्या माणसांनी इस्त्रीवरून तिचं नाव 'कडक' ठेवलं ते तेव्हाच, आणि हृदयाची डॉक्टर झाली तरी ते काही सुटलेलं नाही.

यांना पेसमेकर बसवला तेव्हा ती बाहेरगावी शिकत होती. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला निरोप खालच्या कप्प्यांत पोचेनासा झाला, ठोके मंदावले आणि हे इस्त्रीच्या टेबलाशी चक्कर येऊन पडले. कॉलरच्या हाडाखाली ते मशीन बसलं आणि माणूस हिंडता-फिरता झाला, म्हणून त्या मशीनला मी आजही हात जोडते. पुढे तपासणीला गेलो, तर टेक्निशियन पडद्याकडे बघून म्हणाला, "पेसिंग शंभर टक्के." झालं. यांना आयुष्यात पहिल्यांदाच पैकीच्या पैकी मिळाले. कपडे न्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीवर बोट ठेवून सांगायचे, "शंभर टक्के." शेजारी उभी राहून मीही मान डोलवायचे. मला तरी कुठे काय कळत होतं.

कळलं ते चादरींमुळे. जाड चादरी आम्ही अजून हातानेच पिळतो. एक टोक यांच्याकडे, एक माझ्याकडे. हे "हं" म्हणतात आणि दोघं एकदम पीळ देतो. आमचं ते "हं" कधी चुकलं नव्हतं, अगदी अबोला असला तरी. आता मात्र "हं" म्हणायलाच यांना दम पुरेना. चादरी दोरीवर टाकल्या तरी टपटप गळत राहायच्या. संध्याकाळी पायांवर मोज्यांचे वळ उठलेले. मी ओरडले, की यांचं ठरलेलं उत्तर, "वय झालं आता. मशीन शंभर टक्के आहे."

कडक तोवर आमच्याच गावच्या हॉस्पिटलात आली होती. एका रविवारी तिने वडिलांच्या घोट्यावर अंगठा दाबला. पडलेला खड्डा भरेना. दुसऱ्या दिवशी त्यांना जवळजवळ ओढतच इको काढायला नेलं. हृदयात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती बाहेर जातं, त्याचा आकडा त्यात कळतो. यांचा पूर्वी साठ होता, तो पस्तिसावर आला होता.

घरी आल्यावर तिने मागच्या अंगणातच विषय काढला. "बाबा, तुमचे ते शंभर म्हणजे मार्क नाहीत. तुमचा प्रत्येक ठोका मशीन देतंय, एवढाच त्याचा अर्थ."

"मग मशीन बिघडलंय?"

"मशीन उत्तम आहे. भानगड जागेची आहे. वायरीचं टोक उजव्या कप्प्याच्या तळाशी बसवलंय, आणि ठोका तिथून सुरू होतो." तिने बादलीतून ओली चादर उचलली आणि एक टोक यांच्या हातात दिलं. "म्हणा हं."

"हं."

यांनी पीळ दिला. ही नुसती उभी राहिली आणि मग सावकाश हात फिरवला. चादर जेमतेम वळली, पाणी आतच राहिलं.

"झोपलीस का? एकदम द्यायचा असतो पीळ," हे खेकसले.

"तुमच्या हृदयात हेच चाललंय. उजवी बाजू आधी आवळते, डावी मागून येते. सगळ्यांना त्याचा त्रास होत नाही, पण तुमचं हृदय थकलंय. नवी वायर मधल्या पडद्यात, हृदयाच्या स्वतःच्या वायरिंगपाशी रोवली, तर दोन्ही बाजू जवळजवळ एकदम आवळतील."

हे हातातल्या चादरीकडे बघत राहिले. "परत कापाकापी नको," एवढंच म्हणाले.

"नाही केलं तर आकडा अजून उतरेल, बाबा. मला भीती वाटते."

या मुलीच्या तोंडून हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. यांनी चादर बादलीत ठेवली. "तू करणार असशील, तर करू."

"घरच्या माणसाचं ऑपरेशन आम्ही करत नाही. माझ्या मॅडम करतील."

"मग राहू दे."

एवढ्यावर गप्प बसेन तर मी कसली. हाताला धरून यांना मॅडमसमोर नेऊन बसवलं. मॅडम वयाने मोठ्या, केस पिकलेले, आवाज शांत. यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, वायर अशी बसवायला मी तुमच्या मुलीकडूनच शिकले. आमच्याकडे ही पद्धत तिनेच आणली."

कडक फरशीकडे बघत होती. हे तिच्याकडे बघत होते. मी पदर शोधू लागले.

"बरं शिकवते का?" यांनी विचारलं.

"चुकलं की नाक फुगवते."

हे हसले आणि सहीसाठी पेन मागितलं.

नवी वायर बसली. पायांची सूज गेली, जिन्याच्या मध्यावर थांबणं गेलं. काही महिन्यांनी परत इको काढला, तर आकडा पंचावन्न. पेसिंग मात्र अजूनही शंभर टक्केच. ठोका मशीनच देतं, फक्त आता योग्य जागी.

त्या दिवशी दुकानात आलेल्या पहिल्याच बाईंना हे छातीवर बोट ठेवून म्हणाले, "पंचावन्न."

त्या बिचाऱ्या गोंधळल्या. "म्हणजे... ठीक आहे ना, काका?"

कडक मागे धुतलेल्या चादरी मोजत होती. मान वर न करता तिने विचारलं, "उरलेले पंचेचाळीस कुठे गेले, बाबा?"

इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तिने आज बाहेर काढलं होतं, आणि ते यांनाही कळलं. हे त्या बाईंकडे वळून म्हणाले, "यात शंभर कुणालाच मिळत नाहीत. आमच्या मुलीला विचारा. ती यातली मोठी डॉक्टर आहे. तिच्या मॅडमसुद्धा तिच्याकडून शिकल्या."

कडकचं मोजणं चुकलं. तिने पहिल्यापासून सुरू केलं, तरी परत चुकलं.

हे मला घेऊन मागच्या अंगणात आले, बादलीतली सगळ्यात जाड चादर उचलली आणि एक टोक माझ्याकडे फेकलं.

"हं," हे म्हणाले.