तीनशे चुका

बाबुरावांनी स्ट्रायकर रेषेवर ठेवला, डोळे बारीक करून काळ्या सोंगटीकडे पाहिलं आणि ती पॉकेटच्या काठाला आपटवून परत पाठवली. बोर्डाच्या वर टांगलेल्या तीन कॅमेऱ्यांनी फटका टिपला. शेजारच्या स्क्रीनवर लाल चौकट उमटली.

"ही पण खोटी," अक्षता म्हणाली.

"यात खोटं काय? गेली का आत? नाय गेली. चुकली म्हणजे चुकली."

"मुद्दाम चुकवलीत ते कळतं त्याला, बाबा."

"कोणाला?"

"प्रोग्रामला."

"एवढा हुशार आहे तर त्यालाच सांग ना चुकायला," बाबुराव म्हणाले आणि त्यांनी सोंगट्या पुन्हा गोळा केल्या.

त्याला सांगून झालं होतं. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला होता.

'चाळ कॅरम' हा गेम बनायला साडेतीन वर्षं लागली. त्यातली दोन नुसत्या बोर्डात गेली. पावडर कमी पडली की सोंगटी कशी अडखळते, पावसाळ्यात लाकूड कसं जड होतं, असल्या गोष्टी अक्षताने हट्टाने तीनदा नव्याने बसवल्या. गेम बनवणाऱ्यांना ही एक खोडच असते. जे कोणी विचारणार नाही ते आधी करायचं, आणि जे पहिल्या दिवशी सगळे विचारणार ते शेवटच्या आठवड्यावर ढकलायचं. दादरच्या त्या ऑफिसात सुरुवातीला बारा माणसं होती. गेम बाहेर पडला तेव्हा सात उरली होती आणि त्या सातांपैकी एकानेही कधी विचारलं नव्हतं, की हा खेळ सामान्य माणसाला जिंकता येईल का?

गेममध्ये चार मजल्यांची चाळ होती. प्रत्येक मजल्यावर एकेकाला हरवत वर चढायचं, आणि सगळ्यात वर, दाराबाहेर बोर्ड मांडून, अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले बाबुराव बसलेले. नाव त्यांचं, चष्मा त्यांचा आणि हातही त्यांचाच. वडाळ्याच्या बस डेपोत मेकॅनिक म्हणून नोकरी करताना बावीस वर्षं डेपोच्या कॅरम संघातून पहिला बोर्ड ते खेळले. परळच्या त्यांच्या चाळीत चौदा एप्रिलच्या स्पर्धेचा कप अकरा वेळा त्यांच्या घरी आला. रिटायर झाल्यावर माणसाचं नाव जिन्यापुरतं उरतं. अक्षताला ते नको होतं. आपल्या बापाचा हात जगाने बघावा, एवढ्यासाठी तिने आदल्या वर्षी त्यांना याच कॅमेऱ्यांखाली चार हजार फटके मारायला लावले होते. त्यातला जवळजवळ प्रत्येक फटका आत गेला होता.

जगाने हात बघितला. लोक हौसेने तीन मजले चढले, चौथ्यावर बाबुरावांसमोर बसले आणि सपाटून हरले. नुसते हरले नाहीत, पाच-पाच, सहा-सहा डाव त्यांना सोंगटीला हात लावायला मिळाला नाही. दहातल्या आठांनी गेम त्याच दिवशी फोनमधून काढून टाकला. 'ह्या म्हाताऱ्याला कोणीतरी आवरा,' असं एकाने लिहिलं. 'बाबुराव चीटर आहे,' असं शेकड्यांनी लिहिलं. अक्षताने यातलं काही घरी दाखवलं नाही.

मग तिने हिशेबाने चुका घातल्या. दर तिसरा फटका जरासा वाकडा. लोकांना दोन दिवसांत कळलं. 'मुद्दाम हरतोय. आम्हाला भीक नको.' हरणं माणसं एक वेळ पचवतात, कोणी जिंकू दिलेलं पचवत नाहीत. गेम आणखी खाली गेला.

ऑफिस रुचाचं होतं. शिवाजी पार्कला वाढलेली, आवाज कधी न चढवणारी बाई. तिने अक्षताला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"हात त्यांचा आहे, तर चुकाही त्यांच्याच लागतील," ती म्हणाली. "खऱ्या, माणसासारख्या. तीनशे तरी हव्यात, त्याशिवाय प्रोग्राम शिकणार नाही. दोन महिन्यांत हा गेम सावरला नाही तर मी सगळंच बंद करणार आहे, अक्षता. हे तुला आधी सांगितलेलं बरं."

घरी अक्षताने हे सांगितलं तेव्हा बाबुराव पोटभर हसले.

"चाळीस वर्षं लोक विचारतात, कशी घालता. चुकवता कशी असं विचारणारी तू पहिलीच."

"संसारात केल्यात की तीनशे," आतून अक्षताची आई, मीराबाई म्हणाल्या. "त्या घेऊन जा म्हणावं."

पहिले दोन दिवस सगळे फटके लाल आले. बाबुराव चुकवत होते तेही नेमाने, पॉकेटपासून बरोबर नखभर बाजूला. चुकण्यातसुद्धा त्यांनी हात बसवून टाकला होता. रुचा दोनदा येऊन उभी राहिली.

"काका, थोडं रिलॅक्स होऊन खेळा ना."

"रिलॅक्स खेळलो की आत जाते, बाई."

रुचाने हसून मान हलवली आणि अक्षताला पँट्रीत बोलावलं.

"त्यांना थकव," ती म्हणाली. "जेवायला उशिरा सोड. थकलेला माणूस खरा चुकतो."

अक्षताला राग आला. तो तिने गिळला आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं होतं तसंच केलं. एक वाजला, दीड वाजला. डबा पिशवीतच राहिला. "अजून एक, बाबा," असं ती म्हणत राहिली. बाबुरावांनीही कुरकुर केली नाही, कारण पोरीचं काम अडलंय हे त्यांना दिसत होतं. अडुसष्ट वर्षांचा माणूस बिनपाठीच्या स्टुलावर सकाळपासून बसला होता.

अडीच वाजता पहिल्यांदाच चौकट हिरवी झाली, म्हणजे चूक खरी.

"बाबा! ही कशी केलीत?"

बाबुरावांनी आधी हाताकडे बघितलं, मग बोर्डाकडे.

"जमली," ते म्हणाले.

त्यांनी रुमालाने बोटं पुसली. पुढचीही हिरवी आली. मग एक लाल, मग सलग चार हिरव्या. संध्याकाळपर्यंत एकाहत्तर झाल्या. ऑफिसने टाळ्या वाजवल्या, रुचाने सगळ्यांसाठी पियूष मागवलं. बाबुरावांनी ग्लास डाव्या हाताने उचलला आणि एका कोपऱ्यात जाऊन प्यायले. त्या आनंदात तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता ते चित्रण तपासायला बसली. स्क्रीनवर एकेक फटका अतिशय सावकाश उलगडत होता. लाल फटक्यांत बाबुरावांची नजर मारण्याआधी पॉकेटच्या बाजूला जाई, जिथे चुकवायचंय तिथे. हिरव्या फटक्यांत ती पॉकेटच्या मधोमध होती. पहिल्यात, दुसऱ्यात, दहाव्यात. ते सोंगटी आत घालायला बघत होते. एकाहत्तर वेळा त्यांनी जीव ओतून नेम धरला होता आणि एकाहत्तर वेळा बोट स्ट्रायकरमागे क्षणभर अडकून राहिलं, थरथरलं, आणि मग सुटलं. अडतिसाव्या फटक्याआधी त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलेलं दिसत होतं. मग अक्षता वळली असावी, कारण डावा हात झटकन खाली गेला.

तो तुकडा तिने अकरा वेळा बघितला. थकव्याने असेल, असं पहिल्या दोन वेळा वाटलं. पुढच्या नऊ वेळा वाटलं नाही. तिने बेसिनवर जाऊन तोंड धुतलं. तिला स्वतःची लाज वाटत होती. ती परत येऊन बसली, एकाहत्तर या आकड्याकडे पाहत राहिली आणि मग तिने घरी फोन लावला.

"बाबा, उद्या येताय ना?"

"अजून लागतील?"

"दोनशे एकोणतीस."

पलीकडे मीराबाईंचा कुकर वाजत होता.

"येतो," ते म्हणाले.

ते आणखी सहा दिवस आले. आता जेवण लांबवायची गरज पडत नव्हती. अक्षता त्यांना बरोबर एक वाजता सोडायची, डबा स्वतः गरम करून आणायची, पाठीला उशी द्यायची. लाल चौकट हळूहळू दिसेनाशी झाली. कशी केलीत, हे तिने विचारणं सोडलं आणि त्यांनी जमली म्हणणं सोडलं. शेवटच्या दिवशी तीनशे झाल्यावरही बाबुराव उठले नाहीत. त्यांनी स्ट्रायकर लावला, अगदी समोरची, कोणीही घालेल अशी सोंगटी निवडली आणि मारली. ती गेली नाही.

"ही मोजू नको," ते म्हणाले.

प्रोग्रामने मोजली होती.

नवी आवृत्ती डिसेंबरात आली आणि गेम वाचला. सहा डावांत एखाद्या वेळी आता बाबुराव हरायचे, आणि तो एक डाव जिंकलेला माणूस त्याचा फोटो काढून गावभर पाठवायचा. ऑफिसात रुचा लोकांचे अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवी. 'म्हाताऱ्याचा हात किंचित थरथरतो. काय बारकावा आहे!' एकाने लिहिलं होतं, 'असं काम करणाऱ्यांना सलाम.' सगळ्यांनी अक्षताकडे बघून टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या.

चाळीत तर ऊतच आला. तळमजल्यावरच्या चंपाने भाजी निवडता निवडता बाबुरावांना हरवलं आणि तीन मजले चढून सांगायला आली. जिन्यात कोणी ना कोणी थांबवायचं.

"काय बाबुराव, आज हरवलं तुम्हाला!"

"शाब्बास," बाबुराव म्हणायचे.

चौदा एप्रिलच्या स्पर्धेत त्यांनी नाव दिलं नाही. नव्यांना संधी द्या म्हणाले आणि पंच म्हणून खुर्चीवर बसले, हातांची घडी घालून. बाबुराव मोठ्या मनाचा माणूस, असं लोक म्हणाले. अक्षता मागे उभी होती. तिने ते ऐकून घेतलं.

शर्टाची बटणं लागेनात म्हणून त्यांनी टी-शर्ट घालायला सुरुवात केली. ते मीराबाईंच्या लक्षात आलं. मे महिन्यात त्यांनी बापलेकीला दादरच्या डॉक्टरकडे हाकललंच.

डॉक्टर तरुण होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी बाबुरावांना अंगठा आणि बोट एकमेकांवर टेकवायला लावलं, भराभर. डावा हात धड चालला. उजवा चारपाच वेळा चालला आणि लहान लहान होत थांबला. त्यांनी कागदावर गोल काढायला सांगितलं. तो काढून झाल्यावर बाबुरावांनी कागद पालथा घातला.

"कधीपासून आहे हे?"

"झाला असेल महिनाभर," बाबुराव म्हणाले.

"महिनाभराचं वाटत नाही, काका." डॉक्टर अक्षताकडे वळल्या. "केव्हा सुरू झालं आणि किती वेगाने वाढलं, ते कळलं तर औषधाचं नीट ठरवता येतं. घरातल्यांच्या सहसा लवकर लक्षात येत नाही, रोज बघत असतात ना. जुना एखादा व्हिडिओ आहे का? लग्नातला, वाढदिवसाचा, कसलाही. पाच-सहा महिन्यांपूर्वीचा, हात काम करताना दिसेल असा."

अक्षताचा फोन तिच्या मांडीवर होता. तीन कॅमेरे, तीनशे फटके, प्रत्येकावर तारीख, तास आणि सेकंद. पहिली हिरवी चौकट अडीच वाजता. ते चित्रण या टेबलावर ठेवलं की पुढचा प्रश्न एकच होता. तो डॉक्टर विचारणार होत्या, मग आई विचारणार होती.

"नाही," ती म्हणाली. "असं काही नाहीये."

"आठवून बघा. काका, तुम्हाला आठवतं का, कोणी काढलाय तुमचा?"

बाबुरावांनी अक्षताकडे बघितलं. ती समोरच्या भिंतीवरचा मेंदूचा तक्ता वाचत होती. त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला, त्यावर डावा ठेवला आणि दाबून धरला.

"नाय, डॉक्टर," ते म्हणाले. "आमचे व्हिडिओ कोण काढणार?"

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर 'एक महिन्यापासून' असं लिहिलं. "मग अगदी थोड्यापासून सुरू करू या. तीन महिन्यांनी बघू."

बाहेर पडताना बाबुरावांना चप्पल सापडेना, म्हणजे सापडली पण पाय आत जाईना. अक्षता खाली वाकली.

"राहू दे," ते म्हणाले आणि भिंतीला धरून त्यांनी पाय सरकवला. त्याला वेळ लागला. "चल. तुला ऑफिसला उशीर व्हायचा."