चाळीस मिनिटांची वाट

मावशींनी तिसऱ्यांदा दगडावर बसकण मारली, तेव्हा मोजणीदारांनी हातातलं अंतर मोजायचं चाक आडवं केलं आणि घड्याळ पाहिलं. अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. वरच्या विश्रामगृहाचं छप्पर अजून झाडांआडून कुठेही दिसत नव्हतं.

"बसलेली मिनिटं पण मोजायची ना, सर?" मोजणीदारांच्या जागी येणाऱ्या नवीन मॅडमनी विचारलं.

"मोजायची. साधा माणूस बसणारच."

"साधा माणूस म्हणजे मी," मावशी रुमालाने मान पुसत म्हणाल्या. "सुट्टीला म्हणून आणलं या भाचीने, आणि इथे माझी परीक्षा चाललीय. खालच्या पाटीवर तर चाळीस मिनिटं लिहिलंय. माझं वजनच वाढलंय दुसरं काय."

मोजणीदारांनी चाकाच्या दांड्याला लागलेला चिखल काडीने खरवडला, पुन्हा पुन्हा खरवडला.

दोन दिवस थंड हवा खायला येणाऱ्यांसाठी खात्याने डोंगरात सव्वीस सोप्या वाटा राखल्या होत्या. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी हिरवी पाटी, तिच्यावर ठिकाणाचं नाव, 'सोपी' हा शब्द आणि वर पोचायला लागणारा वेळ. त्या सव्वीसही पाट्यांवरचे आकडे मोजणीदारांचे होते. महिनाअखेर ते निवृत्त व्हायचे होते, आणि त्याआधी सगळ्या वाटा नव्या नियमाने फिरून मोजायच्या होत्या. नियम साधा होता. वाट चढूनच मोजायची, सोबत डोंगराची सवय नसलेला एक माणूस घ्यायचा आणि दोन वेगवेगळ्या दिवशी दोनदा मोजायची. पंचवीस वाटांचे आकडे पाच-सात मिनिटांच्या आत जुळले होते. सरोवराची ही वाट त्यांनी शेवटी ठेवली होती.

विश्रामगृहाच्या पायरीवर मावशींचा पाय पडला तेव्हा एक तास आठ मिनिटं झाली होती.

वरून दिसणारं सरोवर होतं तसंच होतं. मावशींनी त्याच्याकडे नीट पाच मिनिटं पाहिलं आणि मग चहाची चौकशी केली. नवीन मॅडम व्हरांड्यातल्या अभिप्रायांच्या वह्या चाळत बसल्या. थोड्या वेळाने त्यांना हसू आवरेना.

"सर, ऐका. 'दृश्य अप्रतिम. आमचा दम मात्र कमी पडला. उद्यापासून व्यायाम.' हे बघा अजून एक. 'चाळीसचे सत्तर लागले, सिगारेट सोडतो आहे.' सर, पानापानावर हेच आहे. पाटी चुकली असेल असं एकालाही वाटलेलं नाही!"

"सरकारी पाटी आहे बाई," मावशी म्हणाल्या. "तिला कोण नावं ठेवणार? माणूस स्वतःलाच ठेवतो."

मॅडमनी तक्ता काढला. जुना वेळ, नवा वेळ, फरकाचं कारण. शेवटच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

"कारण काय लिहू? तसा मधे एके ठिकाणी कडा खचलेला दिसतोय. 'वाट बदलली' लिहिलं तर चालून जाईल. कोण बघतंय?"

"उद्याची मोजणी होऊ दे," मोजणीदार म्हणाले. "तक्ता माझ्याकडे राहू दे."

कारण त्यांना पाठ होतं. एकतीस वर्षांपूर्वी एका आठवड्यात अकरा वाटा उरकायचा हुकूम आला होता. डोंगराच्या मागच्या अंगाने दर मंगळवारी विश्रामगृहाचं सामान घेऊन जीप वर जायची. तिच्यात बसून ते वर गेले आणि वाट मोजत खाली उतरले. चाळीस मिनिटं. पुढच्या आठवड्यात चढून मोजू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण रंगारी दुसऱ्याच दिवशी आला, त्याने आकडा विचारला आणि त्यांनी सांगून टाकला. हे ते विसरून गेले होते असं नाही. दर पावसाळ्यानंतर पाटीला नवा रंग द्यायची वेळ आली की त्यांना ते आठवायचं, आणि तेवढ्यापुरतं तोंड कडू व्हायचं. एवढंच असतं तर त्यांनी ते कारण रकान्यात लिहून टाकलं असतं. निवृत्त होणाऱ्या माणसाचं खातं काय वाकडं करणार?

पण लग्नाच्या पहिल्या वर्षी ते बायकोला याच वाटेने वर घेऊन आले होते. तिला एक तास पाच मिनिटं लागली. वर पोचल्यावर तिने घड्याळ पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि हसत विचारलं, "अहो, तुमची पाटी बरोबर आहे ना?" तेव्हा सांगायचं होतं. पण नव्या बायकोसमोर नव्या नोकरीतली चूक कबूल करणं त्यांच्या जिवावर आलं. "पाटी कशी चुकेल? तूच गोगलगाय," असं ते म्हणाले. ती हसली. पुढच्या वर्षी इथे सुट्टीला येताना तिने चालायच्या बुटांऐवजी पुस्तक आणलं, आणि मग दर वर्षी आणलं. ते डोंगर मोजत फिरायचे आणि ती खालच्या अतिथिगृहाच्या व्हरांड्यात वाचत बसायची. ओळखीच्यांना ते सांगायचे की हिला चालायची आवडच नाही. सांगून सांगून त्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं.

त्या संध्याकाळी ते खाली परतले तेव्हाही ती तिथेच होती. जेवणाची घंटा व्हायला अर्धा तास होता. मोजणीदार समोरच्या खुर्चीत बसले. तक्ता त्यांनी मांडीवर ठेवला, मग टेबलावर ठेवला. 'वाट बदलली' असं लिहिलं की प्रश्न मिटत होता, आणि तिला कधीच काही कळणार नव्हतं. ती आपली थट्टा करेल, सुट्टी संपेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून हसेल, हा एवढाच दंड होईल असा त्यांचा हिशेब होता. तेवढा सोसायची त्यांची तयारी होती. या वयात तिच्यापासून काही लपवायचा त्यांना आता खरोखर कंटाळा आला होता.

"अगं, एक सांगायचं राहिलं होतं," ते म्हणाले. "सरोवराच्या वाटेची पाटी चुकलीय. मी ती उतरताना मोजली होती."

तिने पुस्तकात बोट ठेवून ते मिटलं.

"कधी?"

"पहिल्यांदाच. पाटी लागली तेव्हाच."

"म्हणजे आपण गेलो त्याच्या आधी."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं तेव्हा?"

"हो." त्यांनी हसून बघितलं. "चढायला सगळ्यांनाच तासभर लागतो. तुझी गोगलगाय उगाच झाली."

ती हसली नाही. मागे स्वयंपाकघरात कुणीतरी ताटं मांडत होतं आणि ती त्या आवाजाकडे लक्ष असल्यासारखी बसून राहिली. मग म्हणाली, "त्यानंतर मी डॉक्टरकडे गेले होते. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"कशाला?"

"दम लागतो म्हणून. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, काही सापडत नाही. सापडत नाही म्हणाले तेव्हा मी जास्त घाबरले. वाटलं, आत काहीतरी असणार, यांना दिसत नाहीये. दोन-तीन वर्षं मी जिनासुद्धा जपून चढायचे."

मोजणीदारांनी टेबलावरचा तक्ता उगाच सरळ केला.

"आणि तुमच्या मोठ्या साहेबांनी मला वरचं विश्रामगृह चालवायला विचारलं होतं, आठवतं?"

"आठवतं की. तूच नको म्हणालीस. घर सोडवत नाही म्हणालीस."

"ते तुम्ही म्हणालात. साहेबांनी विचारलं, तेव्हा माझ्याआधी तुम्हीच म्हणालात." तिचा आवाज चढला नव्हता. जेवणात मीठ किती घालायचं ते सांगावं तशी ती सांगत होती. "मला हवं होतं ते काम. पंधरा खोल्या, येणारी-जाणारी माणसं, सकाळी समोर ते पाणी. मी मनात पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला होता. पण मुलांना खालच्या गावात शाळेत घालावं लागलं असतं, म्हणजे रोज सकाळी चढायचं. साहेब म्हणाले, चाळीस मिनिटांवर तर आहे. मी मनाशी म्हटलं, ज्या वाटेला लोकांना चाळीस लागतात तिथे मला तास लागतो. हे आपल्या कुडीचं काम नाही."

"मला सांगायचंस."

"काय सांगू? तुम्हीच तर मोजली होती."

जेवणाची घंटा झाली. दोघंही उठले नाहीत. तिने टेबलावरचा तक्ता ओढून घेतला आणि चष्मा सारखा करून वाचला.

"हे कारण लिहायचं राहिलंय."

"लिहितो."

त्यांनी तिच्यासमोर लिहिलं, 'मूळ मोजणी चुकीची होती'. तिने ते वाचलं.

"कुणाची, ते लिहायला रकाना नाही?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि जेवायला गेली. ताटावर ती मावशींशी बोलली, मॅडमशी बोलली, कुणाला कोशिंबीर वाढली. मोजणीदारांशी बोलायची वेळच आली नाही, इतकं ते सहज झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चाक घेऊन बाहेर आले तेव्हा ती पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. बूट मॅडमच्या जादा जोडाचे होते, मापाला थोडे मोठे. आत दोन मोजे घातलेले दिसत होते.

"आज साधा माणूस मी आहे," ती म्हणाली. "मॅडमना विचारलंय मी. तुम्ही येऊ नका."

"अगं, पण नियमाप्रमाणे मोजणीदार लागतो."

"या आहेत ना. मोजतील त्या." तिने मॅडमकडे बोट दाखवलं. मॅडम चाकाच्या दांड्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग मोजणीदारांनीच चाक पुढे केलं.

मावशींना धरून तिघी निघाल्या. ते व्हरांड्यात बसले. तिची खुर्ची रिकामी होती म्हणून ते तिच्यात बसले, आणि तिथून डोंगर अजिबात दिसत नाही हे त्यांच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. समोर पाण्याची टाकी होती आणि तिच्यामागे भिंत. तीस वर्षं ती इथे बसून टाकीकडे बघत होती. त्यांनी खुर्ची फिरवून पाहिली. खांब आडवा येत होता.

दोघीच परतल्या तेव्हा दुपारचं जेवण होऊन गेलं होतं. मावशी लांबूनच हात हलवत आल्या.

"एक तास सहा, सर," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तक्ता टेबलावर ठेवला. "दोन्ही दिवसांचं जुळलं. पाटीवर एक तास दहा लिहू."

"ही कुठाय?"

मॅडम मावशींकडे बघू लागल्या.

"त्या वरच राहिल्यात," मावशी म्हणाल्या. "अहो, घाबरू नका, ठणठणीत आहेत. तिथल्या मॅनेजर बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणारेत, त्यांच्याशी गप्पा रंगल्या. सगळ्या खोल्या फिरून बघितल्या ताईंनी, न्हाणीघरंसुद्धा. एक खोली घेतलीय. कपडे तेवढे पाठवा म्हणाल्या. आज मंगळवार आहे, जीप जाते ना चारला, तिच्यातून."

"मी घेऊन जातो की. चालत."

"ते मी म्हटलं त्यांना. जीपनेच पाठवा म्हणाल्या."

मोजणीदार उठून खोलीत गेले. कपाट उघडून त्यांनी तिची बॅग पलंगावर ठेवली, आणि तसेच दाराशी परत आले.

"किती दिवसांचे कपडे?"

"तेही विचारलं मी," मावशी म्हणाल्या. "अजून ठरलं नाही म्हणाल्या."